मोठा गोळा म्हणजे चांगलं यकृत नव्हे
औषधं यकृताला घातक आहेत का हे तपासायला प्रयोगशाळेत यकृतपेशींचे छोटे गोळे वाढवतात. ते मोठे वाढवले तर खऱ्या यकृताच्या जवळ जातील का, असा प्रश्न पडतो. उलटंच होतं. ऑक्सिजन पेशींच्या थरात जेमतेम १५०-२०० मायक्रोमीटर झिरपतो, आणि यकृतपेशी ऑक्सिजनच्या बाबतीत भलत्याच खादाड. मोठ्या गोळ्याचा गाभा ऑक्सिजनअभावी आधीच मरतो, दोष मात्र तपासल्या जाणाऱ्या औषधावर येतो. न चिकटणाऱ्या, गोल तळाच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये खळग्यामागे १५००-२००० पेशी पुरे.

खरी चिवट अडचण वेगळीच: मूलपेशींपासून घडवलेल्या यकृतपेशी गर्भावस्थेतल्यासारख्या राहतात. अल्फा-फीटोप्रोटीन (गर्भाच्या यकृतात बनणारं प्रथिन) जास्त, सीवायपी३ए४ (औषधांचं विघटन करणारं प्रौढ यकृतातलं एन्झाइम) कमी. पॅरासिटामॉलपासून एनएपीक्यूआय हा विषारी पदार्थ मुख्यतः सीवायपी२ई१ हे त्याच कुळातलं एन्झाइम बनवतं. तेच पुरेसं नसेल तर घातक मात्राही निरुपद्रवी दिसेल. नुसतं अल्ब्युमिन (यकृतपेशी बनवतात ते प्रथिन) पाहून समाधान मानू नका, एन्झाइमची क्रिया मोजा.