मदत हवी आहे : हँडहेल्ड गेमिंगमधल्या कंपन्या पुढे काय करतील? काउंटरला माल भरायचाय

एमजी रोडवाला

नमस्कार मंडळी. नाशकात एमजी रोडला माझं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. कव्हर, काच, चार्जर, इअरफोन. या धंद्यात आता राम राहिला नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून ऑनलाइनचा भाव दाखवतं आणि म्हणतं, "याच रेटमध्ये बसवून द्या." म्हणून एक काउंटर मोकळं करून तिथे हातात धरून खेळायची यंत्रं ठेवावी असं डोक्यात आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडची पोरं येऊन विचारून जातात, "स्विच टू आहे का? अ‍ॅलाय हातात घेऊन बघायला मिळेल का?" स्विच टू म्हणजे निन्टेंडोचं यंत्र, अ‍ॅलाय म्हणजे असूसचं.

मुंबईचा एक आयातदार माल द्यायला तयार आहे, पण सगळं रोखीत आणि एकदा घेतलेला माल परत नाही. म्हणजे चुकीच्या घोड्यावर पैसे लावले की वर्षभर ते काचेच्या कपाटात बसणार. मोबाइल मला कळतात. ही यंत्रं वापरायला कळतात, पण कंपन्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही. निन्टेंडो भाव पाडेल का? सोनी नवं काही आणणार म्हणतात, ते कधी? मायक्रोसॉफ्ट स्वतः बनवणार की दुसऱ्याच्या डब्यावर, म्हणजे यंत्रावर, आपलं नाव लावत बसणार? आणि स्टीम डेक आपल्याकडे दुकानात का दिसत नाही?

"कुठलं घेऊ" हा प्रश्न नाही. "कुठलं विकू" हा आहे. तेवढं लक्षात ठेवून सांगा.

सातपूरकर

भाऊ, कंपनीचे मालक मुलाखतीत काय बोलतात ते सोडा. त्यांचा पैसा कुठून येतो ते बघा, पुढची चाल आपोआप दिसते.

स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्वचं घ्या. स्टीम म्हणजे त्यांचं गेमचं ऑनलाइन दुकान. स्टीमवर विकल्या जाणाऱ्या गेममागे ते साधारण ३० टक्के कमिशन घेतात. त्यामुळे स्टीम डेक विकून त्यांना फार कमवायचं नाहीच. २०२२ मध्ये सुरुवातीचं मॉडेल ३९९ डॉलरला काढलं, तेव्हा हा भाव ठेवणं जिवावर आलं असं त्यांचे गेब न्यूवेल स्वतःच बोलले होते. मिसळीच्या प्लेटमध्ये फार सुटत नाही, सुटतं ते जादा पावात, तसा हा हिशोब. आता ज्याला प्लेटमध्येच फार उरत नाही तो मधल्या दुकानदाराला काय देणार? म्हणून तो थेट गिऱ्हाइकाला विकतो, आणि भारतात अधिकृत विक्री अजून नाही. शिवाय आता त्यांनी स्टीमओएस ही आपली ऑपरेटिंग सिस्टिमच दुसऱ्यांना द्यायला सुरुवात केली आहे. २०२५ मध्ये लेनोवोचा लिजन गो एस स्टीमओएस घालून आला. माझा अंदाज असा की व्हॉल्वला डबा कोणाचा आहे याने फरकच पडत नाही, आत दुकान स्टीमचं असलं की झालं.

असूस, लेनोवो, एमएसआय यांचं बरोबर उलटं. त्यांच्याकडे गेमचं दुकान नाही. जे कमवायचं ते डब्यातच. आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० ला आला, तो त्यामुळेच. पण याच कारणाने ते लोक भारतात आहेत, सर्व्हिस सेंटर आहे, बिल मिळतं, वॉरंटी मिळते. तुमच्यासाठी गोची एवढीच की डब्यावर जगणाऱ्याला सारखा नवा डबा काढावा लागतो. नवा चिप आला की तुमच्या कपाटातला जुना अ‍ॅलाय हप्त्याभरात शिळा.

पासधारक

पंचवटीने रोज अप-डाउन करतो, स्विच ओएलईडी (जुन्या स्विचचंच एक मॉडेल) वापरतो. जागा मिळाली तर. नाहीतर दारात उभं राहून.

सातपूरकरांचं पटलं, पण निन्टेंडो या दोन्ही खणांत बसत नाही. ते डब्यातही कमावतात आणि गेममध्येही. मारिओ कार्ट ८ मुळात २०१४ चा, वी यू या त्यांच्या जुन्या यंत्रावरचा. तोच २०१७ मध्ये स्विचवर आणला, ६ कोटींहून जास्त प्रती विकल्या, आणि आजही त्याचा भाव धड उतरत नाही. दुकानदाराच्या दृष्टीने याच्यासारखा माल नाही. मोबाइलचं कव्हर सहा महिन्यांनी कोणी विचारत नाही, हे कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायचं गेमचं कार्ड, चार वर्षांनीही त्याच भावात जातं.

अवांतर: स्विचचं कार्ट्रिज जिभेला लावून बघा. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्यावर मुद्दाम कडू लेप असतो. माझ्या भाच्याने लावलं होतं, कल्याण येईपर्यंत पाणी मागत होता.

जुनी बॅटरी

निन्टेंडो भाव पाडत नाही असं छातीठोक सांगू नका. पाडलाय, आणि चांगला दणकून पाडलाय.

त्यांचा थ्रीडीएस हा हँडहेल्ड फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आला. खेळायला दमदार गेम नव्हते, मागणी बसली. ऑगस्टमध्ये थेट १५,०००. सहा महिन्यांत! ज्यांनी आधी जास्त पैसे मोजले त्यांची समजूत काढायला २० जुने गेम फुकट वाटले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. गिऱ्हाइकाला गेम मिळाले. ज्या दुकानदाराने जुन्या भावात माल भरला होता त्याच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार एमजी रोडवाल्यांनी करावा. मग त्याच वर्षअखेरीस मारिओचे दोन मोठे गेम आले आणि गाडी रुळावर आली.

सोनीने तेव्हाच व्हिटा हा हँडहेल्ड काढला. यंत्र देखणं, स्क्रीन झकास, पण मेमरी कार्ड फक्त त्यांचंच चालायचं आणि ते महाग. त्यांचा आधीचा पीएसपी ८ कोटींच्या आसपास विकला गेला होता, व्हिटा त्याच्या जवळपासही पोचला नाही. आता सोनीकडे पोर्टल आहे, तो म्हणजे घरच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) चा लांबवलेला हात. घरात पीएस५ आणि चांगलं वायफाय असेल तर उपयोग. नंतर क्लाऊडवरून खेळायची सोय दिली, पण ती प्रीमियम वर्गणीत आणि आपल्याकडे मिळते ती डिलक्स, तिच्यात ही सोय नाही. एवढं सगळं गिऱ्हाइकाला काउंटरवर समजावून सांगायला तुम्हाला वेळ आहे का?

आणि "जास्त ताकदवान तोच जिंकतो" हा भ्रम तर काढूनच टाका. निन्टेंडोचा १९८९ चा गेम बॉय काळा-पांढरासुद्धा धड नव्हता, हिरवट होता. १९९० चा सेगा गेम गिअर रंगीत, आतून उजेड. पण सहा पेन्सिल सेल खाऊन तो काही तासांत मान टाकायचा, आणि गेम बॉय चार सेलवर मजेत दहा-बारा तास. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई या माणसाचं धोरणच होतं, जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्यातून नवीन गंमत काढायची. निन्टेंडो आजही त्याच वळणावर आहे. पहिला स्विच बाजारात आला तेव्हाच त्यातला चिप जुना होता.

एमजी रोडवाला

जुनी बॅटरी, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. म्हणजे स्विच टू भरला आणि त्यांनी सहा महिन्यांत भाव पाडला तर?

सातपूरकर

या खेपेला ती भीती मला कमी वाटते. थ्रीडीएसला गिऱ्हाईक नव्हतं. स्विच टू ५ जून २०२५ ला आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर गेला, सप्टेंबरअखेर १ कोटी पार. मागणी असताना भाव कोण पाडतो? उलट त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत जुन्या स्विचचा भाव वाढवला. आठ वर्षांच्या यंत्राचा! त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव आभाळाला नेलेत, ते प्रत्येक डब्यात उतरणार. माझं मत असं की पुढचं वर्षभर सगळ्यांचंच चढेल. सगळ्यात आधी असूस-लेनोवोचं, कारण त्यांच्याकडे गेममधून भरून काढायला काही नाही.

लेखापाल

हे सगळे अंदाजच आहेत ना? सोनी पीएस५ चे गेम चालतील असं हातातलं यंत्र बनवतेय ही बातमी ब्लूमबर्गने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिली. तेव्हापासून प्रत्येक यूट्यूबवाला तारीख सांगतोय. अंदाजावर रोकड गुंतवू नये.

सातपूरकर

अंदाजच आहेत, कबूल. पण धाग्याने मागितलेत तेच. सोनीबद्दल माझा अंदाज विचाराल तर पुढचं मोठं प्लेस्टेशन येईल तेव्हा सोबत हे काढतील, त्याआधी नाही. व्हिटाचा चटका बसलाय. हातातल्या यंत्रासाठी वेगळे गेम बनवायचे म्हणजे दोन संसार, ते आता कोणालाच परवडत नाही. निन्टेंडोनेसुद्धा २०१७ मध्ये घरातलं आणि हातातलं एकत्र केलं ते याच हिशोबाने.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर मात्र अंदाज न करता देता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय आला. बनवला असूसने, नाव मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं. मोठं मॉडेल ९९९.९९ डॉलर! त्यांना वर्गणी विकायची आहे, डबा नाही. आणि या सगळ्या भांडणात निवांत कोण? एएमडी. डेक, अ‍ॅलाय, लिजन, बहुतेक सगळ्यांच्या पोटात त्यांचाच चिप.

इंदिरानगरची आई

तुम्ही सगळे कंपन्यांचंच बोलताय. मी गिऱ्हाईक आहे, माझंही ऐका. माझी दोन्ही मुलं मोबाइलवर फुकटात खेळतात. त्यांना स्विच घेऊन दिला तर प्रत्येक गेमला चार-पाच हजार. वर्षातून एक, फार तर दोन घेईन. एमजी रोडवाले दादा, तुम्ही नुसते डबे विकणार असाल तर मी ऑनलाइनच बघेन. पण जुना गेम घेऊन वर थोडे पैसे टाकून दुसरा देणार असाल, तर प्रत्येक सुट्टीत तुमच्याकडे येईन. शाळेच्या ग्रुपवरच्या बायकाही येतील.

पासधारक

ताईंनी मुद्द्याला हात घातला. स्टीम किंवा अ‍ॅलायवर गेम म्हणजे डाउनलोड, तो परत विकता येत नाही. डबा विकला की तुमचा त्या गिऱ्हाइकाशी संबंध संपला. या सगळ्यांत दुकानात फिरत राहणारी वस्तू फक्त निन्टेंडोकडे आहे, ती म्हणजे कार्ट्रिज.

सातपूरकर

पण किती दिवस? स्विच टू साठी 'गेम-की कार्ड' काढलंय बघा. कार्डात गेम नाहीच, नुसती किल्ली. कार्ड घालायचं आणि पुन्हा गेम डाउनलोड करायचा. मला यात निन्टेंडोची पुढची दिशा दिसते. हळूहळू कार्ट्रिज बंद.

पासधारक

असहमत. किल्लीवालं कार्ड बहुतेक करून बाहेरच्या कंपन्या वापरतात, मोठ्या क्षमतेचं कार्ट्रिज महाग पडतं म्हणून. निन्टेंडोचे स्वतःचे मारिओ कार्ट वर्ल्ड, डाँकी काँग बनान्झा पूर्ण कार्ट्रिजवर आलेत. बाहेरच्यांतही सायबरपंक आला पूर्ण. आणि किल्लीवालं कार्डसुद्धा पुढच्याला विकता येतं, फक्त त्याच्याकडे नेट आणि जागा हवी. ते खोक्यावर पुढच्याच बाजूला छापलेलं असतं. ताईंसारख्या गिऱ्हाइकाला आधी सांगून टाका, नाहीतर घरी जाऊन डाउनलोड बघितलं की तुमच्याच दुकानात भांडायला येतील.

जुना माल घेताना अजून एक. निन्टेंडो नकली फ्लॅश कार्ट (चोरीचे गेम चालवायचं कार्ड) वापरणाऱ्यांची यंत्रं ऑनलाइनमधून बाद करते. सेकंडहँड स्विच टू समोर नेटला जोडून ई-शॉप (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) उघडतंय का ते बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

एमजी रोडवाला

एकदम कामाचं. आता चित्र बरंच स्पष्ट झालं. एक राहिलं. आयातदाराने स्विच टू चे दोन भाव दिलेत. एक नेहमीचा, दुसरा बराच कमी. माल तोच, फक्त लॉट वेगळा आहे म्हणतो. स्वस्त लॉट उचलावा का?

जुनी बॅटरी

थांबा! जपानचा लॉट असणार.

जपानात स्विच टू दोन प्रकारचा आहे. एक २०२५ मध्ये ४९,९८० येनला आला, त्यात भाषा फक्त जपानी आणि खातंही जपानचंच चालतं. दुसरा सगळ्या भाषांचा, तो तेव्हा ६९,९८० येनला. येन घसरलेला असताना बाहेरच्यांनी स्वस्तात उचलून नेऊ नये, आणि आपल्या देशातल्या माणसाला परवडावं, म्हणून ही कुंपणं. धोरण म्हणून मला ते चलाख वाटतं, पण नाशकात ते यंत्र कोणाच्या गळ्यात मारणार? चालू करून सेटिंगमध्ये इंग्रजी येतंय का बघा. नाही आलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

एमजी रोडवाला

आत्ताच फोन केला. "भाषेचं मला काही माहीत नाही, सील फोडून देणार नाही" म्हणाला. म्हणजे काय ते समजलो.

तूर्तास असं ठरवतोय. सगळ्या भाषांचे थोडे स्विच टू, सोबत जुना स्विच, आणि बाकी पैसा कार्ट्रिजच्या अदलाबदलीत. अ‍ॅलाय एकही भरणार नाही, कोणी मागितला तर ऑर्डर घेऊन मागवून देईन. स्टीम डेकचा नाद सोडला. स्विच टू ला काच कुठली लागते आणि मेमरी कार्ड कुठलं, तेवढं कोणी सांगा, तो तर माझा रोजचा माल आहे.

पासधारक

काच ७.९ इंचाची. ओएलईडीची ७ इंची बसणार नाही. कार्ड मायक्रोएसडी एक्सप्रेसच हवं, साध्या मायक्रोएसडीवर स्विच टू चे गेम चालत नाहीत. लोक घरातलं जुनं कार्ड घालून बघतात आणि मग दुकान शोधत येतात. २५६ जीबीची ठेवा, आणि खोक्यावर एक्सप्रेसची खूण आहे ना ते घाऊकवाल्याकडेच तपासून घ्या.