'प्रायोगिक संभाव्यता' : यातल्या 'प्रायोगिक'चं काय करायचं?

कोल्हापुरात सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवतो. परवा फळ्यावर 'प्रायोगिक संभाव्यता' (प्रत्यक्ष करून, मोजून काढलेली) लिहिलं आणि पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हंजे ही तात्पुरती व्हय?" पोराचं चुकलं नाही. 'प्रायोगिक तत्त्वावर एकेरी वाहतूक' हेच त्याच्या कानावर पडलेलं. शेजारी 'सैद्धांतिक' (न करताच, तर्काने काढलेली) लिहिलं की तीच खरी, असा समज आपोआप होतो. याहून सोपे शब्द आहेत का?

– सर, आधी चिंचोका घ्या. फोडून अर्धा केला की एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. आमच्या आजीचा पट यावरच चालायचा. बाजू दोन, म्हणून पांढरी पडण्याची संभाव्यता 1/2 म्हणायची का? नाही. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, म्हणजे निष्पत्ती (येऊ शकणारे निकाल) दोन असल्या तरी समसंभाव्य, म्हणजे सारख्याच संभाव्यतेच्या, नाहीत. मी मुलीला पन्नास वेळा टाकायला लावलं. पांढरी 31 वेळा. 31/50 हे उत्तर टाकल्याशिवाय मिळालंच नसतं. इथे सिद्धांत गप्प बसतो आणि 'तात्पुरती'च कामाला येते.

नाण्याचं तसं नाही. तिथे 1/2 न उडवताच सांगता येतं, पण दहा वेळा उडवून छापा सात वेळा आला तर नाणं खोटं ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना जॉन केरिच या गणितज्ञाने नाणं 10,000 वेळा उडवलं, छापा 5,067 वेळा आला. फेका वाढल्या की मोजलेलं उत्तर तर्काच्या उत्तराजवळ सरकतं. मुलांना हे स्वतःच्या हाताने दिसू द्या, फार गोड वाटतं त्यांना.

– माझी हरकत 'प्रयोग' या शब्दालाच आहे. पंचगंगा यंदा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडेल का? हे ठरवायला मागच्या वर्षांच्या नोंदी लागतात. नदीवर कुणी प्रयोग केलेला नसतो. म्हणून मी 'नोंदींवरून काढलेली' आणि 'तर्कावरून काढलेली' असं सांगते. 'अनुभवसिद्ध' शब्द चांगला आहे, पण सातवीला जड.

आणि 'शक्यता' यात मिसळू नका. शक्यता दाट असते किंवा धूसर असते. संभाव्यता किती ते आकड्यात सांगावं लागतं, शून्यापासून एकपर्यंत.

– दोघांचंही पटलं. 'प्रायोगिक', 'सैद्धांतिक' परीक्षेसाठी वहीत राहतील, पण तोंडी 'नोंदींवरून' आणि 'तर्कावरून'. नदीचा दाखला तर आमच्या पोरांना लगेच कळेल, पुराच्या दिवसांत घरोघरी फूट-इंचच चालू असतात. सोमवारी प्रत्येकाला एक फोडलेला चिंचोका आणायला सांगितलाय.