मदत हवी आहे: केळी व्यापाराचं ऑफिस, 20 बाय 36 चा गाळा, बसायची मांडणी कशी करू?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमचा केळीचा व्यापार आहे, अण्णांनी सुरू केलेला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. मेन रोडला स्वतःचा गाळा घेतलाय, 20 बाय 36 फूट, तोंड पश्चिमेला, मागे संडास, पुढे एक फुटाचा ओटा. सोमवारी सुतार काम सुरू करतोय आणि त्याने कागदावर काढून दिलेलं बघून पोटात गोळा आलाय म्हणून घाईने विचारतोय. मागे माझ्यासाठी 12 बाय 14 ची काचेची केबिन, त्यात सोफा, उरलेल्या जागेत भिंतीकडे तोंड करून सहा टेबलं, आणि शेतकऱ्यांना दाराजवळ चार खुर्च्या. दिसायला झकास आहे, पण आमचं काम तसं चालत नाही.

सहा वर्षं भाड्याच्या जागेत काढली, तिथे काही न ठरवता जसं फर्निचर आलं तसं ठेवत गेलो आणि त्याचे भोग बघितलेत. हिशेबाचं टेबल दाराशीच होतं, कोणाची पट्टी, म्हणजे मालाच्या पैशांचा हिशेब, किती झाली ते येणारा-जाणारा प्रत्येकजण स्क्रीनवर वाचायचा. एक आबा मुलीच्या लग्नासाठी उचल मागायला आले, आत पाच-सात लोक बसलेले बघून दोनदा दारातूनच परत गेले, तिसऱ्यांदा मला रस्त्यावर बोलावून ट्रकच्या आडोशाला उभं राहून बोलले. दुसरं म्हणजे प्रिंटरची एक्स्टेंशन वायर वाटेतून आडवी गेलेली होती, रोज बघायचो, रोज म्हणायचो उद्या करू, आणि ऐन कटाईच्या दिवसांत एका वयस्कर काकांचा पाय त्यात अडकून ते पडले, मनगट मोडलं, मी स्वतः भुसावळला घेऊन गेलो, प्लास्टर घातलं. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, तेच मला जास्त लागलं.

आमच्याकडे सकाळी 9 ते 11 शेतकरी येतात, भाव विचारायला, कटाईची तारीख घ्यायला. दुपारी काटापावत्या जुळवणं, पट्ट्या काढणं. संध्याकाळी ड्रायव्हर बिल्टी (गाडीतल्या मालाची वाहतूक पावती) घ्यायला येतात ते गाडी भरेपर्यंत थांबतात. आम्ही दोघं भाऊ धरून ऑफिसात सहा जण, त्यात दोन मुली. अण्णा म्हणतात शेतकऱ्याला दाराशी ताटकळत ठेवायचं नाही, त्याला पहिली जागा द्या, मग तुमचे कॉम्प्युटर. मला ते पटतं पण जागेत कसं बसवू ते कळत नाहीये. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेही बघायचंय.

तापीकाठ: दादा, सुतार येण्याआधी एक काम करा, सगळं फरशीवर खडूने खऱ्या मापात आखा. टेबल, खुर्ची, कपाट, दार कुठे उघडतं तेसुद्धा. मग माणसं बसवा आणि चहाचा ट्रे घेऊन मधून चाला. कागदावर खुर्ची टेबलात घुसलेली काढतात हो, माणूस बसला आणि उठायला मागे सरकला की टेबलाच्या कडेपासून तीन फूट जातात.

नकाशावाला_जळगाव: टेबलं उलटी फिरवा, पाठ भिंतीला आणि तोंड आत. दोन फुटाचं टेबल, मागे तीन फूट, पुढे समोरच्याच्या खुर्चीला अडीच, असं दोन्ही बाजूंनी धरलं तर 20 फुटांत मधे पाच फुटांची सरळ वाट उरते आणि स्क्रीन कोणाला दिसत नाही. तुमच्या लांब भिंती उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला आहेत म्हणजे पश्चिमेचा उजेड बाजूने येईल, डोळ्यावर आणि स्क्रीनवर थेट येणार नाही. पण छज्जा वाढवून दुपारचं ऊन थांबेल असं समजू नका, पश्चिमेचं ऊन खालून तिरपं घुसतं, त्याला उभी जाळी नाहीतर वाळ्याचा पडदाच लागतो. केबिन छतापर्यंत बंद केली तर बाहेरच्या एसीची हवा आत जात नाही, आतला वेगळा लावावा लागेल, त्याचा खर्च आत्ताच धरा. लाइटचे पॉइंट टेबलं ठरल्यावरच काढा, फरशीखालून पाइप टाका, लाइटची आणि इंटरनेटची वायर वेगवेगळ्या पाइपातून. इन्व्हर्टरची बॅटरी बंद कपाटात कोंडू नका, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, हवा खेळती पाहिजे.

आणि ओट्याला रॅम्प कराच. उतार 1:12 धरतात म्हणजे एक फुटाला 12 फूट. रस्त्याकडे काढू नका, गाळ्याच्या तोंडाला समांतर घ्या, 20 फुटांत दारापुढच्या चार-पाच फूट सपाट जागेसकट बसतो.

भुसावळची_लेक: 11 वर्षं अशाच ऑफिसात हिशेबाला आहे म्हणून सांगते. संडासाचं दार सगळ्यांच्या समोर उघडत असेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. मधे एक आडभिंत घ्या, दार तिच्या मागे. आणि ड्रायव्हर लोकांना थांबायला वेगळी जागा करा, बाहेर ओट्यावर सावलीत बाक आणि पाण्याचा माठ ठेवा, त्यांनाही बरं, आम्हालाही बरं. केबिनपेक्षा एक छोटी खोली ठेवा दादा, कोणाचीच नाही अशी, दार लावून दोन मिनिटं बोलता येईल अशी. तुमच्या त्या आबांसाठी.

धागाकर्ता: ताई, तुमचं शेवटचं वाक्य अण्णांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले केबिन काढून टाक.

आज दुपारी भाऊ आणि मी खडू घेऊन बसलो. सुतारच्या मांडणीत सहाही खुर्च्या एकदम मागे ओढल्या आणि टेबलांपाशी बोलायला शेतकरी उभे केले तर मधून ट्रे नेताना दोनदा धक्का लागला. पुसून परत आखलं. आता पुढचे 10 फूट बैठक, अण्णांची गादी तिथेच, शेतकऱ्यांच्या बरोबरीने. मग 18 फुटांत दोन्हीकडे तीन-तीन टेबलं, तोंड आत. मागच्या 8 फुटांत 8 बाय 9 ची बोलायची खोली, बाजूला फायलींचं कपाट आणि चहा, आणि आडभिंतीमागे संडास. मी आणि भाऊ टेबलावरच बसणार, ज्याला वेगळं बोलायचं तो खोलीत येईल. सुतारला एक आठवडा पुढे ढकललंय, थोडा नाराज झाला पण आला आणि स्वतः खडूच्या रेषांवरून चालून गेला.

आता दोनच गोष्टी अडल्यात. बोलायच्या खोलीची भिंत प्लायची केली तर आतलं बाहेर ऐकू येईल का, की चार इंची विटेचीच घेऊ? आणि रॅम्पला पावसात पाय सरकणार नाही अशी कोणती फरशी घालावी, शहाबादी खरबरीत मिळते ती चालेल का? चिखलाच्या चपला घालून येणारी माणसं आहेत, काहींच्या हातात काठी असते.