चर्चमध्ये वाजवायला पदवी कशाला? (टोपणनावांनी लिहिलेल्या पत्रांतली चर्चा)

पांढरी चार

माझी भाची नाशिकला बारावीला आहे. गेली पाच-सहा वर्षं आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते. परवा जेवताना तिने जाहीर केलं की तिला चर्च संगीतातच पदवी करायची आहे, तीही जर्मनीत. तिच्या वडिलांनी ताटातून मानही वर केली नाही. म्हणाले, "म्हणजे आयुष्यभर लोकांची लग्नं वाजवणार?"

मी तिच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण मागच्या वर्षीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). बारा ते तीनची उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा चालू, आणि लाईट गेली. कीबोर्ड बंद. कपाटातून पेटी काढली, धूळ झटकली, हिने गीत सुरू केलं. आता गंमत अशी की हिला बोटं फक्त पांढरी एकची माहीत, म्हणजे सा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर. एरवी ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी खाली-वर सरकवणारं बटण तीन घरं खाली दाबून ठेवते, म्हणजे मंडळी (उपासनेला जमलेले सगळे) गाते पांढरी सहात आणि हिची बोटं मात्र पांढरी एकवरच. पेटीला कुठलं आलंय बटण? गीत तीन सूर वर गेलं. ध्रुवपद कसंबसं निभावलं, कडव्याला पुरुष गप्प झाले, बायका रेटत राहिल्या. घरी येऊन पोरगी रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाराही सुरांतून वाजवायला बसली.

तिकडच्या अभ्यासक्रमाची माहिती काढली. ऑर्गन, आयत्या वेळी मनाने रचून वाजवणं, क्वायरचं (गायकवृंदाचं) संचालन, गळा, पियानो, स्तोत्रांचा इतिहास, उपासनाविधी. पदवीला 'बी' दर्जा, पुढच्या पदव्युत्तरला 'ए', आणि चर्चमधल्या जागाही त्याच दर्जांनी भरतात. प्रवेशपरीक्षेत ऑर्गन पायांसकट वाजवून दाखवावा लागतो. आता नाशकात पायपट्ट्यांचा ऑर्गन कुठून आणायचा? तिने हॉलमधल्या लादीवर चिकटपट्टीने तीसच्या तीस पट्ट्या आखल्यात, आणि स्टुलावर बसून त्यावर मुक्याने पाय चालवते. बहीण झाडू मारताना वैतागते.

तर प्रश्न असा, की या कामाला विद्यापीठाचं शिक्षण लागतं का? मी म्हणतो, लागतं.

जुना टेनर

नाही लागत. मी चाळीस वर्षं क्वायरमध्ये गातोय, पदवी सोडा, संगीताची एक परीक्षा दिलेली नाही. ही सेवा आहे. आमच्या वेळी ज्याला सूर कळतो तो वाजवायचा आणि ज्याला कळत नाही तो पुस्तकं वाटायचा.

दुसरं, जरा व्यवहाराचं बोलू. जर्मनीत ऑर्गनवादकाला पगार मिळतो, कारण तिथे चर्च-कर आहे. प्राप्तिकराच्या आठ-नऊ टक्के रक्कम सरकारच वसूल करून चर्चला देतं. आपल्याकडे काय आहे? दानाची थैली. तिच्यातून पाळकसाहेबांचा पगार निघता निघता नाकी नऊ येतात. ही मुलगी शिकून परत आली तर तिला कोण ठेवणार? आणि तिकडेच राहिली तर नाशिकच्या मंडळीला तिचा काय उपयोग?

तिसरं, शिकलेला माणूस आला की चार आवाजांचं अवघड काहीतरी बसवतो. क्वायर गाते, मंडळी ऐकते. मग पुस्तक हातात धरायचं तरी कशाला?

आल्टोतली

टेनरकाका, चाळीस वर्षांत दोन कडव्यांच्या मध्ये मला एकदाही पुरता श्वास घेऊ दिलेला नाही तुम्ही. 🙂

विनोद सोडा. मंडळी गप्प होते ती शिकलेल्या वादकामुळे नाही, न शिकलेल्यामुळे. तीनशे माणसं एकत्र गायला लागली की लय आपोआप ओढली जाते. वादक त्यांच्या मागे गेला तर पाचव्या कडव्यापर्यंत गीताची पालखी होते, आणि पुढे पळाला तर म्हाताऱ्या बायका मागे राहतात. ओळीच्या शेवटी सूर किती आधी उचलायचा म्हणजे सगळे एकदम श्वास घेतील, हे कुठल्याही कीबोर्ड क्लासमध्ये शिकवत नाहीत. तिथे शिकवतात ते ग्रेडच्या परीक्षेचे तीन तुकडे. ते वाजवताना समोर कोणी गात नसतं.

गोदाकाठ

माझा विरोध वेगळा आहे. शिकू दे की, पण जर्मनीतच का?

आपली गीतं कुठली आहेत ते बघा. 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडा, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पानापानावर भेटतील. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, इथून हाकेच्या अंतरावर. १९३६ साली त्या गेल्या त्याही नाशकातच. अभंग, ओवी, भजनी चाली, हे त्या घराचं देणं. आणि आपण त्याचं काय केलं? कोमल गंधाराची चाल असते, गळे कोमल गंधार लावतात, आणि वादक डाव्या हाताने खुशाल मेजर कॉर्ड दाबतो. म्हणजे त्याच क्षणी खाली शुद्ध गंधार वाजतोय. दोन गंधार एकमेकांच्या उरावर! ऐकताना दातात खडा आल्यासारखं होतं. आम्हाला सवय झालीय म्हणून चालतं.

हे दुरुस्त करायला जर्मन संगीतकार बाख उपयोगी नाही. याच गावात पंचवटीत शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला. देवाचं गाणं आणि पद्धतशीर शिक्षण, दोन्ही त्या एका माणसाने सांभाळलं. पोरीने संगीत विशारद करावं, मग पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जावं. खर्च वाचेल, कान शाबूत राहील.

पांढरी चार

गंधाराचं शंभर टक्के मान्य. मी स्वतः तो गुन्हा वर्षानुवर्षं केलाय.

पण विशारदमध्ये एकट्याचं गाणं-वाजवणं शिकवतात. समूहाला गायला लावायचं कसं, उपासनेच्या कुठल्या जागी काय वाजवायचं, पन्नास हौशी गळ्यांतून क्वायर कशी उभी करायची, हे त्यात नाही. हिला ते हवंय. आणि तसा अभ्यासक्रम मला महाराष्ट्रात सापडला नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, मी उद्या फॉर्म आणतो.

नाशिकरोडवाली

कॅथलिक बाजूने दोन शब्द. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेबद्दल जो दस्तऐवज काढला त्यात हे भांडण आधीच मिटवून ठेवलंय, म्हणजे निदान कागदावर. कलम ११५ म्हणतं, संगीताच्या शिक्षणावर भर द्या, जमेल तिथे उच्च संस्था काढा. ११९ म्हणतं, मिशनच्या देशांत लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्या. आणि लगेच पुढे १२० म्हणतं, पाइप ऑर्गनला मोठा मान द्या. टेनरकाका, भाची आणि गोदाकाठ, तिघांपैकी दोघांची तरी सोय झाली!

तमिळनाडूत हे करून दाखवलंय. तिरुचिरापल्लीचं कलई कावेरी महाविद्यालय एका धर्मगुरूने काढलेलं, तिथे कर्नाटक संगीत आणि भरतनाट्यम् शिकवतात, विद्यापीठाची पदवी मिळते. आमच्याकडे बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला एवढी गर्दी लोटते, पण मराठी मिस्साला (आमच्या उपासनेला) वाजवायला माणूस म्हणाल तर आदल्या रात्रीपर्यंत फोनाफोनी चालू.

जुना टेनर

कलमं चांगली आहेत, पण कलमांनी वीजबिल भरलं जात नाही. पलुस्करांचं नाव निघालं म्हणून आठवण देतो, त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. संस्था काढणं सोपं नाही.

आणि जर्मनीचा हिशेब सांगतो, माझा पुतण्या इंजिनिअरिंगला गेला तेव्हा पाहिलाय. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या घरात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही म्हणतात, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहेतच. एवढे पैसे घालून परत येऊन काय, तर रविवारी फुकट वाजवायचं?

द्राक्षबाग

मी तुमच्यातला नाही, शेजारचा. पण आमच्याकडेही हाच वाद असायचा, कीर्तन काय शिकून येतं का म्हणून. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, चार वर्षांचा अभ्यास. आज गावात सप्ताह ठरला की लोक पहिलं विचारतात, महाराज आळंदीचे का? आणि बिदागी ठरवूनच बोलावतात. फुकट कोणी येत नाही, आणि त्यामुळे कोणाची भक्ती कमी झालेली मला तरी दिसली नाही.

आल्टोतली

हे बेस्ट. टेनरकाका, आता बोला.

जुना टेनर

बिदागीचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. आमच्या चर्चमध्ये मांडववाल्याला पैसे देतात, माईकवाल्याला देतात, वाजवणाऱ्या मुलाला नाताळला एक शर्टपीस. तो शर्टपीस मीच आणतो. तेव्हा तेवढ्यापुरता मी चूक.

पदवीचं मात्र अजूनही पटलेलं नाही. आधी इथे दोन वर्षं पगारावर वाजवू दे, मग ठरवा.

गोदाकाठ

पगारावर? कुठल्या चर्चमध्ये हो काका? पत्ता द्या, मीच अर्ज करतो.

पांढरी चार

घरात अजून युद्धच आहे. भावजी म्हणतात, आधी बारावी. भाची जर्मन भाषेचा क्लास शोधतेय. गोदाकाठ, तुमचं पहिलं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने गंधार वाजवून बघितला, दोनदा, आणि "ई!" केलं. आता टिळकांच्या पदांना डावा हात उचलून ठेवते, नुसता षड्ज धरते.

कीबोर्डच्या ट्रान्सपोज बटणावर तिने काळी चिकटपट्टी मारलीय, लादीवरची उरली होती ती. येत्या रविवारी तिसरं गीत खरोखरच्या पांढरी सहामधून आहे. टेनरकाका, तुम्ही आमच्याकडेच या. पहिला सूर चुकला तर सांभाळून घ्यायला कोणीतरी लागेल.

जुना टेनर

साडेआठला पोचतो. पेटीही बाहेर काढून ठेवा, लाईटचा भरवसा नाही.