वेतन, पगार, रोज, मानधन

गिरगावात आमच्या चाळीखाली छापखाना आहे. तिथल्या बाइंडरने काल पगाराची पावती पुढे केली. "काका, सरकारने किमान वेतन वाढवलं म्हणतात, मग 'मूळ वेतन' तेवढंच कसं?" वाढला होता तो खालच्या ओळीतला 'विशेष भत्ता'. हा भत्ता 'विशेष' कशाने? आणि वेतन नि पगार एकच ना? हे प्रश्न मी मित्रमंडळींना लिहून विचारले, ही त्यांची उत्तरं.

– 'विशेष' म्हणजे खास नव्हे हो. महागाईच्या निर्देशांकाला बांधलेला भत्ता तो, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. मूळ दर बदलतो त्याला 'पुनर्निर्धारण' म्हणतात (एका दमात म्हणून दाखवा!). १९४८च्या किमान वेतन कायद्याने ते पाच वर्षांच्या आत व्हायला हवं होतं, पण अनेकदा रखडायचं. म्हणून भत्त्याला 'वाढ' म्हणणं मला पटत नाही. भाव चढले तेवढीच ती भरपाई.

– पगार पोर्तुगीजांकडून आला, वेतन संस्कृत. पण "माझं वेतन झालं" असं कुणी म्हणतं का? वेतन अधिसूचनेत, पगार हातात. आणि नाक्यावर उभा राहणारा दोन्ही म्हणत नाही. त्याचा 'रोज' असतो, आणि काम नाही मिळालं की "आजचा रोज बुडाला".

– मानधन विसरलात. माझी मावशी अंगणवाडी सेविका. तिला मिळतं ते मानधन, म्हणून ती किमान वेतनाच्या बाहेर. शब्दात मान आहे, धनाच्या नावाने बोंब. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीपुरतं हे मानधन वेतनच धरलं. म्हणजे एका कायद्यात ते वेतन, दुसऱ्यात नाही. आझाद मैदानात बसणाऱ्या बायकांचं भांडण याच एका शब्दाशी आहे.

– 'किमान' म्हणजे तरी किती? संविधानाच्या ४३व्या अनुच्छेदात 'निर्वाह वेतन' (नीट जगता येईल इतकं) आहे, ती फार वरची पायरी. किमानाचं माप १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने घातलं: कमावणाऱ्यासकट चौघांचं कुटुंब, पण खाण्याच्या हिशेबात तीनच माणसं, माणशी रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला एकूण वेतनाचे २० टक्के.

हे सगळं बाइंडरला वाचून दाखवलं. तो विरारहून चर्नी रोडला येतो. म्हणाला, "कापड बहात्तर वार धरलं, आणि गाडीचा पास?"

मी म्हटलं, "किरकोळात."