मदत हवी आहे: पिकअप घेताना अ‍ॅक्सल रेशो कुठला बघू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, भाजीचा धंदा आहे. आठवड्यातून तीनदा चोर्ला घाटातून बेळगाव, जाताना गाडी रिकामी आणि येताना साधारण बाराशे किलो माल. आता नवीन पिकअप घ्यायचाय आणि अडकलोय तो मागच्या डिफरन्शलच्या (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गिअरच्या) रेशोवर, त्यालाच अ‍ॅक्सल रेशो म्हणतात.

मला कळलं ते असं, 4.10 म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट 4.10 वेळा फिरतो, ओढ जास्त पण सपाटीवर त्याच स्पीडला 3.73 पेक्षा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण 10 टक्के जास्त, म्हणजे डिझेल जास्त. मेकॅनिक म्हणतो घाट आहे तर मोठा आकडाच घे. पण माझा लोड तर घाट उतरतो, चढताना गाडी रिकामी! मग कमी आकडा चालेल ना? भीती एकच, कमी आकड्यामुळे भरलेली गाडी घाटाखाली केरीकडे उतरताना इंजिन ब्रेकिंग (खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखतं ते) कमी पडलं तर ब्रेक तापतील, पावसात तर जीव मुठीत असतो.

भरलेली गाडी घाटात चालवणाऱ्यांनी प्लीज सांगा, तुमचा रेशो काय, उतरताना कुठला गिअर ठेवता आणि खरा अ‍ॅव्हरेज किती पडतो? शोरूममधला आकडा नको. महिनाअखेर बुकिंग करायचंय.