टीबी रुग्णांच्या घरांचं लोकेशन अभ्यासात कसं वापरावं? खानापूर-निपाणीसाठी सल्ला हवा

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. मी बेळगावात कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करते. टीबीचे उपचार मधेच सुटतात त्याचा दवाखाना किती लांब आहे याच्याशी काही संबंध आहे का, हा माझ्या प्रबंधाचा विषय. खानापूर आणि निपाणी असे दोन तालुके घेतलेत. खानापुरात कणकुंबी-जांबोटीकडचे जंगलातले गवळीवाडे, निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका. घरी जायचं, मोबाइलवर फॉर्म भरायचा, तिथंच जीपीएसचा बिंदू घ्यायचा असं ठरलं होतं.

मागच्या आठवड्यात चाचणी म्हणून एका वाडीत गेले. अचूकता ५ मीटरवर यावी म्हणून फोन हातात धरून अंगणात उभी होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "जमीन मोजायला आलीस काय गं?" एकानं विचारलं, मराठी किती, कन्नड किती असली मोजणी आहे का. त्यांना समजावलं. मग त्या घरातल्या आईनं माझा हात धरला. "पोरीचं ठरायला आलंय. कुणाला कळलं तर सोयरीक मोडंल."

नाव मी काढून टाकीन, नंबर देईन. पण बिंदू त्यांच्या उंबऱ्यावरच बसलाय. तो किती सरकवावा? संमतीपत्रात काय लिहावं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा.

नकाशेवाला_टिळकवाडी

ताई, आधी आकडा बघू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढं पाच अंक असतील तर जागा जवळजवळ मीटरभरात सापडते. चार अंकांना ११ मीटर, तीन अंकांना ११० मीटर, दोन अंकांना किलोमीटरभर. "तीनच अंक ठेवा, झालं" असं बरेच जण सांगतात. वडगावच्या विणकर गल्ल्यांत ते चालून जाईल, तिथं भिंतीला भिंत लागून घरं आहेत. कणकुंबीच्या वरच्या जंगलात तेवढ्या जागेत एकच छप्पर असतं आणि सॅटेलाइट चित्रात ते कुणालाही दिसतं.

म्हणून अंतर ठरवताना मीटर बघू नका, घरं मोजा. यासाठी डोनट पद्धत आहे. खऱ्या जागेभोवती एक लहान आणि एक मोठं वर्तुळ काढायचं, नवा बिंदू मधल्या पट्ट्यात कुठंही टाकायचा. आतलं वर्तुळ नसेल तर सरकवलेला बिंदू परत त्याच अंगणात पडू शकतो. पट्ट्यात ठराविक घरं यायलाच हवीत असा नियम ठेवा. मग निपाणी शहरात दीडशे मीटर पुरतील, जंगलात चार किलोमीटरही लागतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या डीएचएस (अनेक देशांत होणारी लोकसंख्या-आरोग्य पाहणी) पद्धतीनं होतं तिथं शहरी बिंदू २ किलोमीटरपर्यंत सरकवतात, ग्रामीण ५ पर्यंत, आणि ग्रामीण बिंदूंपैकी शंभरातला एक १० पर्यंत. तोही एका घराचा बिंदू नसतो, अख्ख्या वस्तीचा असतो.

आणखी एक. बिंदू एकदाच सरकवा आणि तोच कायम ठेवा. प्रबंधात एकदा, परिषदेत पुन्हा, लेखात तिसऱ्यांदा नव्यानं सरकवलेत तर त्या सगळ्यांचा मध्य काढून कुणीही मूळ घराजवळ पोचतो.

मलप्रभेकाठी

मला वेगळंच विचारायचंय. नकाशा हवाच कशाला? तुमचा प्रश्न अंतराचा आहे. मग खऱ्या बिंदूवरून अंतर काढा, अंतर ठेवा, बिंदू सोडून द्या. आधी सरकवून मग अंतर मोजलंत तर खानापुरात चार किलोमीटरची चूक तुमच्याच निष्कर्षात शिरेल.

आणि अंतरही सरळ रेषेत मोजू नका. पावसाळ्यात ओढा भरला की दोन किलोमीटरची वाट आठ किलोमीटरची होते. एसटी किती वाजता येते, परतीची आहे का, त्या दिवशीची मजुरी बुडते का, हे विचारा. जीपीएसमधून यातलं काहीच कळत नाही.

मात्र अंतराचा आकडाही निरुपद्रवी नाही. एका घराची तीन दवाखान्यांपर्यंतची सरळ रेषेतली नेमकी अंतरं छापलीत तर कंपास घेऊन बसलेला दहावीचा मुलगाही ते घर शोधेल. तीन वर्तुळं जिथं एकमेकांना छेदतात तिथं घर. म्हणून छापताना ० ते २, २ ते ५, ५ ते १० असे टप्पेच द्या. एखाद्या टप्प्यात दोन-तीनच माणसं उरली तर तो शेजारच्या टप्प्यात मिसळा.

डेटा_आणि_दूध

रुग्णांच्या फोनवर महिनाभर लोकेशन चालू ठेवलं तर? दवाखान्यात खरंच किती वेळा गेले ते आपोआप कळेल, घरी जायलाही नको.

नकाशेवाला_टिळकवाडी

कृपा करून नको. २०१३ साली १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवर एक अभ्यास झाला होता. माणूस कुठं आणि किती वाजता होता असे फक्त चार बिंदू हातात असले तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखू येतात, असं त्यात निघालं. रात्रीचा बिंदू घर सांगतो, सकाळचा वखार सांगतो. नाव काढून काय उपयोग?

निवृत्त_सिस्टर_निपाणी

मी या भागात बरीच वर्षं टीबीच्या गोळ्या वाटल्या आहेत. नकाशाचं मला कळत नाही, गल्लीचं कळतं. "वखारीत काम, वय ४२, विधवा, दोन मुली" एवढं छापलंस की गल्ली ओळखते बघ. ठिपका लागतच नाही. म्हणून वय दहा-दहा वर्षांच्या गटात टाक, वाडीचं नाव काढ, तालुका ठेव. निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा नंबर, अभ्यासाचा नंबर म्हणून वापरू नको, नवा दे.

२०२० चा मार्च आठवतोय का? घरात थांबायला सांगितलेल्यांच्या पत्त्यांच्या याद्या सरकारनंच जाहीर केल्या होत्या, दारावर कागद डकवले होते. दुकानदार सामान देत नव्हते ओ. ते कागद लावायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टानं सांगेपर्यंत डिसेंबर उजाडला. टीबीच्या घराला तसला कागद लागू नये एवढीच माझी तळमळ आहे.

आणि गं, घरी जाऊच नको. गाडी दारात थांबली की संपलं. अंगणवाडीत बोलाव, सगळ्या बायकांची तपासणी असते त्या दिवशी. आमच्याकडचे काही जण कोल्हापूरला, गडहिंग्लजला औषध घेतात, चंदगडचे बेळगावला येतात. कोण हद्द ओलांडून कुठं जातो त्याच्या रेषा नकाशावर काढू नको. लोकांना त्याचीच जास्त भीती आहे.

जांबोटी_रोड

सिस्टर, अंगणवाडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग घराचा बिंदू कसा मिळणार?

मलप्रभेकाठी

टॅबवर नकाशा दाखवा आणि त्यांनाच विचारा, "साधारण कुठं?" हवं तर वाडीचा मध्य धरा. टप्प्यांतच लिहिणार असाल तर एवढी अचूकता पुष्कळ.

सांबरा_विमानतळाजवळ

तांत्रिक बाजू. मोबाइलवर फॉर्म भरायचं ओडीके अॅप वापरत असाल तर फॉर्म एन्क्रिप्ट करायची सोय आहे. उघडायची किल्ली गाइडकडे ठेवा, फॉर्म भरणाऱ्यांकडे नको. नाव-पत्ता एका फाइलमध्ये, आजाराची माहिती दुसऱ्या, दोन्ही वेगळ्या जागी. फॉर्म भरणाऱ्यांच्या फोनवरची लोकेशन हिस्टरी बंद करायला सांगा, नाहीतर ते कुठल्या कुठल्या दारात थांबले ते सगळं तिथं राहतं. फोटोत जीपीएस लपलेला असतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो निघून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच राहतो. एक्सरेचे, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो बरेच जण तसेच पाठवतात.

कायद्याचं थोडक्यात: २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींवर. त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, ही त्यातली मोठी अट. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संशोधनातल्या नैतिकतेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तर तुम्हाला लागूच आहेत. बिंदू कधी पुसणार ते प्रोटोकॉलमध्येच लिहा आणि नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. गाइडशी बोलले. घरभेटी रद्द. अंगणवाडीत बोलवणार, वाडीचा मध्य धरणार, अंतर टप्प्यांत आणि सोबत प्रवासाचा वेळ. प्रबंधात ठिपक्यांचा नकाशा नसेल, तालुक्याचे तक्ते असतील. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही वाचून दाखवणार. मराठीतलं वाक्य असं केलंय:

"आपल्या वाडीपासून दवाखान्यापर्यंतच्या अंतराची नोंद केली जाईल. आपल्या घराच्या जागेची नोंद केली जाणार नाही. आपण नकार दिल्यास उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही."

निवृत्त_सिस्टर_निपाणी

चांगलं आहे, पण "नोंद" काढ. आमच्याकडं नोंद म्हटलं की लोकांना उतारा आठवतो, परत त्या आजी म्हणतील जमीन मोजायला आली. असं लिही: "तुमच्या वाडीपासून दवाखाना किती लांब आहे ते आम्ही लिहून घेऊ. तुमचं घर कुठं आहे ते लिहून घेणार नाही. नको म्हणालात तरी गोळ्या चालूच राहतील." शेवटचं वाक्य सगळ्यात आधी घे. बायका तेच ऐकायला थांबलेल्या असतात.